आहे तसा माणूस

मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, रंग राहत. कुणाच्या लग्नाहून परत आले की काकी विचारायच्या, कोण कोण भेटलं? मग मास्तर टोपी खुंटीला अडकवत सांगायचे, "तो पिवळ्या मातीत चिमूटभर तांबडा भेटला बघ, मिरजेचा, तुझ्या मावशीकडनं काय तरी लागतो तो. गुडघा दुखतोय म्हणत हुता." आणि काकींना तो कोण ते बरोबर कळायचं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माउलीनं नवऱ्याचे आणि स्वतःचे सगळे नातेवाईक रंगांवरून ओळखायची विद्या शिकून घेतली होती. मी त्यांच्याकडे शिकायला लागले तेव्हा पहिले सहा महिने मला नावच नव्हतं. मी 'भाजकी' होते. भाजकी माती म्हणून तपकिरी रंगाची एक ट्यूब असते, तिच्यावरून. मास्तर गच्चीतून खाली ओरडायचे, "भाजके, वर ये गं, पांढरा संपलाय." शेजारच्या बायका खिडकीतून बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. वडील मुंबईला कामाला, आई नि आम्ही भावंडं गावात शेळ्यांच्या मागं. त्या उन्हात वाढलेल्या पोरीचा जो रंग व्हायचा तो माझा झाला होता, आणि तो झाकण्यात माझी निम्मी अक्कल खर्च होत होती. चित्रकलेची पदविका करायला सांगलीला आले, विश्रामबागेत एका खोलीत चौघी राहू लागलो, आणि कॉलेजातल्या सरांनी मास्तरांचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी जाताना मी मैत्रिणीची क्रीम चोपडली, वर पावडर मारली, पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला. मास्तरांनी चष्म्यातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नळ तिकडं हाय. तोंड धुऊन ये, मग बोलू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड धुतलं. परत आले तर त्यांनी मनगट पुढं करायला सांगितलं, सुरीनं रंग घोटायला घेतले आणि पाचेक मिनिटांनी त्यातला एक ठिपका माझ्या मनगटावर ठेवला. ठिपका दिसेनासा झाला. मी खिडकीपाशी जाऊन हात वळवून वळवून शोधत राहिले.

"सात रंग घातलेत त्यात," मास्तर म्हणाले. "गोऱ्या माणसाला चार लागत्यात. गोरी माणसं लय सोपी गं, त्यांच्यात शिकण्यासारखं काय न्हाई."

या एका वाक्यावर मी त्यांच्याकडे आठ वर्षं टिकले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापर्यंत माझ्या रंगात काहीतरी कमी आहे एवढंच ऐकत आले होते. त्यात कुणाला काही घालावं लागतं, आणि तेही सात-सात, हे मला नवीन होतं. पूर्ण बाह्या मात्र मी लगेच सोडल्या नाहीत. एवढी काही मी शहाणी नव्हते.

मास्तर शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गच्चीवर पत्र्याची खोली, तिला उत्तरेकडे मोठी खिडकी, हे त्यांचं दुकान. घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं आणि जेवणाबरोबर रंगही बंद व्हायचे. घाईचं गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, दिवा लावून थोडं करा की, परवा वर्षश्राद्ध आहे. मास्तर ब्रश पुसत सांगायचे, दिव्याच्या उजेडात सगळी माणसं सारखीच दिसतात, मग वेगळं काढायचं तरी कशाला? खालून काकी ताट वाढल्याची हाक द्यायच्या आणि गिऱ्हाइकाला मास्तरांच्या मागोमाग जिना उतरावा लागायचा. बहुतेकदा ते जेवूनच घरी जायचं.

धंदा म्हणाल तर गेलेल्या माणसांची चित्रं काढायचा. हॉलमध्ये हार घालून लावतात ती. लोक त्याला 'फोटो' म्हणतात आणि मास्तर त्यावर दर वेळी तेवढेच चिडायचे. जिन्याखाली त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'येथे माणूस आहे तसा काढून मिळेल'. ती पाटी वाचून निम्मी गिऱ्हाइकं परस्पर परत जात असावीत असा काकींचा संशय होता. जी वर यायची ती काय घेऊन येतील याचा नेम नसे. कुणी आधार कार्डावरचा फोटो आणायचे, ज्यात माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो. कुणी फोन पुढं करायचे. एकदा एका नातवानं आजोबांचा फोटो दाखवला तर ऐंशी वर्षांच्या आजोबांचे गाल गुलाबी आणि पापण्या लांब. नातवाच्या फोनमध्ये ते आपोआप होत होतं म्हणे. मास्तरांनी फोन उलटा ठेवला, नातवाच्या बापाला बोलावून आणायला सांगितलं आणि त्याच्या दंडाचा रंग बघून आजोबा काढले.

आणि शेवटी पायरी उतरता उतरता प्रत्येकजण एक वाक्य बोलायचाच, मास्तर, तेवढं जरा उजळ काढा. हळदीच्या पेठेतले एक अडते होते, त्यांनी तर वडिलांचा फोटो देताना शेजारी एका देवाचं कॅलेंडर ठेवलं, रंग असा पाहिजे म्हणून. मास्तरांनी त्यांना विचारलं, तुमचे वडील पेढीवर बसायचे ते ह्याच तोंडानं ना? सगळी पेठ त्यांना ह्याच तोंडानं ओळखायची ना? मग भिंतीवर गेल्यावर तोंड बदलायचं काय कारण? अडते म्हणाले, तसं नव्हे, चार पाहुणे येतात. मास्तर म्हणाले, पाहुण्यांचं चित्र काढताना पाहुण्यांना विचारू. अडत्यांनी फोटो आणि कॅलेंडर दोन्ही उचललं आणि गेले. काकी खालून म्हणाल्या, गेलं का हेही? असं महिन्याला दोन-तीनदा व्हायचं. मास्तरांना त्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण सबंध आयुष्यात एकाही माणसाला त्याच्या रंगापेक्षा उजळ काढलं नाही, ही त्यांची मिळकत होती, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मला रंग शिकवायला ते गुळाच्या सौद्यात न्यायचे. सकाळी ढेपांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या, व्यापारी ढेप फोडून आतला रंग बघायचे, आणि आम्ही दोघं त्यांच्या पाठीमागून माना पुढं काढून तेच बघायचो. वरचा रंग उन्हानं आलेला असतो, फुटल्यावर दिसतो तो खरा, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांना चित्रकारांची ती सवय होती, एक डोळा मिटून अंगठा पुढं धरून माप घ्यायची. सौदा ऐन रंगात असताना ते तसे उभे राहिले की पुकारणारा ओरडायचा, "मास्तर, अंगठा खाली घ्या, ढीग तुमच्या नावावर चढंल."

मी त्यांच्याकडे जाऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मास्तरांची कुरकुर सुरू झाली. आधी कंपन्यांवर. पांढऱ्या रंगात हल्ली पिवळा मिसळतात, लबाड झालेत, असं म्हणून त्यांनी तीन कंपन्यांचा पांढरा बदलला. मग दुधावर. मग काकींवर, की माझे शर्ट नीट धूत नाहीस, पिवळट पडलेत. काकी स्वच्छतेच्या बाबतीत ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी नीळ वाढवली. मास्तर म्हणाले, अजून पिवळाच आहे. त्यांनी आणखी वाढवली. असं करत करत मास्तर आकाशी शर्ट घालून हिंडायला लागले आणि म्हणायला लागले, आता कसा पांढरा झाला. सगळ्या गल्लीला दिसत होतं. काकींनाही दिसत होतं, पण भांडण मिटलं यातच त्या खूश होत्या.

तेच चित्रांत चाललं होतं, आणि ते मला दिसत होतं. त्यांना प्रत्येक चेहरा पिवळा झाल्यासारखा वाटायचा, म्हणून ते त्यात निळा घालायचे, वर पांढरा घालायचे, मागं सरून बघायचे आणि पुन्हा घालायचे. भाजक्या मातीची माणसं नीळ दिलेल्या धोतरासारखी थंड, उजळ दिसायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं, मास्तर काहीतरी नवीन करून बघतायत. दुसऱ्यांदा मी धीर करून म्हटलं, निळा जरा जास्त होतोय का मास्तर? त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, तुझं वय काय, मी रंग किती वर्षं बघतोय? मी निळ्याची ट्यूब पुढं केली.

आणि मग गिऱ्हाइकं यायला लागली. चित्र उघडलं की घरच्यांचे चेहरे फुलायचे. काय तेज आलंय, म्हणायचे. बाबा अगदी देवासारखे दिसतात, म्हणायचे. एकानं सांगितलं म्हणून दुसरा यायचा. कॅलेंडर घेऊन गेलेले अडतेसुद्धा परत आले आणि या खेपेला उजळ काढा म्हणायचं विसरले, कारण म्हणायची गरजच उरली नव्हती. मास्तरांचा आनंद पोटात मावेना. एका संध्याकाळी ताटावर बसून ते काकींना म्हणाले, "लोक शहाणी झाली बघ. उशिरा झाली, पण झाली. खरं पसंत पडायला लागलं त्यांना." मी समोरच जेवत होते. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. आधी मला त्यांची भीती वाटत होती, मग वाटलं की माझाच डोळा चुकत असेल, आणि त्या संध्याकाळनंतर त्यांचा तो आनंद मोडायचा माझ्यात दम नव्हता. अशी चार वर्षं मी त्यांच्या पॅलेटवर निळा काढून देत राहिले.

शेवटी हे उघडकीला आणलं ते जिन्यानं. मास्तरांना पायऱ्या अंधूक दिसायला लागल्या, एकदा दोन पायऱ्या चुकून घसरले, आणि काकी त्यांना धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत असणार. मास्तरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, रिक्षातून घरी येताना त्यांनी आपल्या बाहीकडे पाहिलं आणि काकींना विचारलं, "हा कुणाचा शर्ट घातलास मला?"

काकी हसल्या. मी हसले नाही, कारण आता ते वर रंगांच्या खोलीत जाणार हे मला माहीत होतं.

गच्चीवर एक चित्र अर्धं होऊन उभं होतं. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी डावा डोळा मिटून बघितलं, मग उजवा मिटून बघितलं. जुन्या डोळ्यानं माणूस ठीक दिसत होता, नव्या डोळ्यानं निळा. असं त्यांनी किती वेळा केलं असेल कोण जाणे. मग माझ्याकडे वळले.

"हे तुला दिसत हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"चार वर्षं झाली, मास्तर."

ते स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस ते वर आलेच नाहीत. आयुष्यभर ज्यासाठी गिऱ्हाइकं घालवली तेच आपण चार वर्षं करत होतो, आणि त्याचंच लोक कौतुक करत होते, हे त्यांना सहन होईना. खाली ओसरीवर बसून रस्त्यावरच्या माणसांकडे आलटून पालटून एकेक डोळा मिटून बघत राहायचे. पलीकडच्या बाईंनी काकींकडे तक्रार केली, की तुमचे मालक माझ्याकडे बघून डोळा मारतात. काकींनी एरवी त्यांची चांगली हजेरी घेतली असती, पण त्या दिवशी फक्त म्हणाल्या, मारू द्या हो, मोजतायत ते.

तिसऱ्या दिवशी मास्तर रंगांची वही घेऊन वर आले. प्रत्येक चित्रासाठी कुठले रंग घेतले ते मास्तर वहीत लिहून ठेवत, माणसाच्या नावासकट. चार वर्षांतल्या नावांची त्यांनी यादी काढली. म्हणाले, दुसरा डोळा झाला की निघायचं, घरोघर जायचं, चित्र उतरवायचं आणि दुरुस्त करायचं. सगळी नाही जमली तरी निदान एक तरी माणूस होता तसा परत भिंतीवर लावल्याशिवाय मी नव्या चित्राला ब्रश लावणार नाही. मला माफ केलं का ते सांगितलं नाही. गाडीत पेट्रोल आहे का, एवढं विचारलं.

मग दुसरा डोळा झाल्यावर माझ्या स्कूटीवर, मांडीवर रंगांची पेटी धरून, मास्तर सांगलीभर हिंडले. अडत्यांच्या घरी सांगितलं की वडिलांचा रंग चुकलाय, तर ते म्हणाले, चुकला असेल तर तसाच राहू द्या, इतकं चांगलं काम बिघडवू नका. एका घरी सासूबाईंचं चित्र होतं. सून दारातच हळू आवाजात म्हणाली, थोरलीचं ठरतंय हो मास्तर, परवा बघायला आलेली माणसं त्या चित्राकडं बघून म्हणाली, घराण्यात रंग आहे, आता तुम्ही सासूबाईंना काळं करू नका. तिसऱ्या घरी तर चित्रातला माणूस जिवंत होता. निवृत्त हेडमास्तर, पंचाहत्तरीला स्वतःचं चित्र काढून घेतलेले. त्यांच्या चेहऱ्याला कसलं तरी मलम चोपडलेलं होतं. मास्तरांनी येण्याचं कारण सांगितल्यावर ते घाबरे झाले. म्हणाले, चित्राला हात लावू नका, वर्षभर मीच दुरुस्त होतोय, आता थोडंच राहिलंय.

मास्तर बाहेर येऊन माझ्या स्कूटीला टेकून इतके हसले की डोळ्यांत घालायचे थेंब वाया गेले. मग एकदम हसायचे थांबले. यादीतली एकोणीस घरं झाली होती आणि एकानंही चित्र उतरवू दिलं नव्हतं.

यादीत एक नाव मीच वाचायचं टाळत होते. ते आमच्या माणमधलं होतं, माझ्या गावाशेजारच्या वाडीवरचं. मुंबईच्या बाजारात उभा जन्म ओझी वाहिलेला माणूस. गेल्यावर त्याच्या मुलानं फोनवर फोटो पाठवून, माझ्यामार्फतच चित्र करून घेतलं होतं. पोचवायला मीच गेले होते. मास्तरांनी स्वतः वही उघडून ते नाव काढलं, आणि आम्ही विट्यावरून एसटीनं निघालो. रात्री माझ्या आईकडे मुक्काम केला, म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवून मास्तर झोपले, आणि सकाळी वाडीवर पोचलो.

म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. आम्ही का आलो ते मास्तरांनी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्या पैल्या दिशीच म्हनलं हुतं," ती म्हणाली. "ह्यो कोन पावना आणलाय? पोरगा म्हनला, आये, तुझ्या डोळ्यात पडदा आलाय. सून म्हनली, झ्याक दिसत्यात मामंजी. ही पोरगी बी हुती की त्या दिशी. ही बी म्हनली, आजी, जरा लांबनं बघा. लांबनं बघितलं. लांबनं बी पावनाच."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. त्या भिंतीपुढे चार वर्षांत एकट्या त्या बाईनं खरं बोलून दाखवलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला आंधळं ठरवलं होतं.

मास्तरांनी तिच्यापुढे हात जोडले. म्हणाले, "आक्का, पडदा माझ्या डोळ्यात हुता."

चित्र उतरवून अंगणात पत्र्याच्या डब्यावर टेकवलं. ऊन चांगलं होतं. मास्तरांनी पेटी उघडली, ब्रश हातात घेतला, आणि मला म्हणाले, "तू सांगायचंस. तू म्हणशील तवा थांबनार." मग त्यांनी भाजक्या मातीचा पातळ हात कपाळावर फिरवला. मी म्हटलं, अजून निळा दिसतोय. त्यांनी पुन्हा फिरवला. म्हातारी मधेच उठून म्हणायची, गालफडाला जास्ती, ओझ्याची दोरी कपाळाला असायची, तिथं वळ हुता, तिथं गडद. मी म्हणायचे, मानेवर अजून राहिलाय. दोघींच्या मध्ये मास्तर निमूट काम करत होते, शाळेतल्या पोरासारखे. एकदा ते थांबायला लागले तेव्हा मी म्हटलं, नाही मास्तर, अजून. उन्हं कलायला आली तेव्हा मी म्हटलं, आता बास.

म्हातारी जवळ आली. रंग ओला होता म्हणून हात लावू नका असं मी सांगितलं, पण ती लावणारच नव्हती. ती चित्रापुढं खाली बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आवं, कुठं हुतासा इतकं दिस?"

मग ती सांगायलाच लागली. बोरवेलची मोटर दोनदा जळाली. धाकटी शेळी विकली. पोरगा फोन करत नाही, केला तर बायकोच बोलते. दातांचा दवाखाना आटपाडीला आहे, कोण नेणार? चार वर्षांचं साठलेलं होतं, त्या गोऱ्या पाहुण्यापुढं ती कशाला बोलेल? आम्ही तिथं आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मास्तरांनी पेटी आवरली आणि गोठ्याच्या मागं जाऊन उभे राहिले. मी गेले तर म्हणाले, डोळ्यात थेंब घालायचे राहिलेत. थेंबांची बाटली माझ्या पिशवीत होती.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. विटा जवळ आल्यावर म्हणाले, "ह्यापुढं मला दिसलं न्हाई तर सांगायचं. मी वरडलो तरी सांगायचं." मी म्हटलं, सांगीन.

आणि सांगितलं. पुढची दोन वर्षं एकही चित्र मला दाखवल्याशिवाय खाली गेलं नाही. मी चुका काढायचे, ते चिडायचे, तुला काय कळतंय म्हणायचे, आणि चिंधीनं पुसायचे. गिऱ्हाइकं पुन्हा आटली, पायरी उतरता उतरता लोक पुन्हा तेच वाक्य बोलायला लागले, आणि मास्तर पुन्हा भांडायला लागले. काकींनी नीळ बंद केली. मग मला साताऱ्याला शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली, आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे तेवढंच. आज वर्गात पोरं एकमेकांकडे 'स्किन कलर'चा खडू मागतात तेव्हा मी विचारते, कुणाच्या स्किनचा? मग त्यांना एकमेकांच्या मनगटांचे रंग करायला लावते. तास संपतो, पण त्यांचा रंग जुळत नाही, आणि आपल्यात कुणी गोरं आहे का काळं, हे त्या दिवसापुरतं तरी विसरतात.

मास्तरांचं हृदय थकलंय असा काकींचा फोन आला तेव्हा मी सुट्टी टाकून गेले. खालच्या खोलीत, खिडकीशी कॉट लावली होती. सकाळची वेळ होती, बघायला आलेले नातेवाईक भोवती बसले होते, तो मिरजेचा पिवळ्या मातीत चिमूटभर तांबडाही होता. सगळे आळीपाळीनं म्हणत होते, तब्येत छान दिसते हो, चेहरा कसा टवटवीत आहे, आठ दिवसांत गच्चीवर जाल. मास्तर मान डोलवत ऐकून घेत होते. मला बघितल्यावर त्यांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं.

"भाजके," ते म्हणाले, "कसा दिसतोय ते तू सांग."

काकींनी मला डोळ्यांनी नको म्हटलं. मला रडायला येत होतं, पण ते मला विचारत होते आणि मी शब्द दिला होता. मी खिडकीचा पडदा बाजूला केला, आत उजेड येऊ दिला आणि नीट बघितलं.

"पिवळी माती फिकी पडलीय मास्तर," मी म्हटलं. "गालांत राख आहे. ओठांत निळा आहे."

"किती?"

"बराच."

मास्तर हसले. अगदी मनापासून, त्या हेडमास्तरांच्या घराबाहेर हसले होते तसे. मग दम लागला म्हणून जरा थांबले आणि म्हणाले, "मंजी ह्या खेपेचा निळा माझ्या डोळ्यातला न्हवं. खराच हाय."